आधी ब्रेक, मग इंजिन

पुण्याहून महामार्गाने दक्षिणेला निघालं की साताऱ्यानंतर साधारण पन्नास किलोमीटरवर कराड लागतं. हंगामाच्या दिवसांत मात्र कराडच्या आधी ऊस लागतो. दिवाळी उलटली की उंब्रज सोडल्यापासून डाव्या बाजूने ट्रॅक्टरांची रांग सुरू होते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, फळ्यांच्या बाहेर आलेल्या मोळ्या, टपावर कर्ण्यातून वाजणारं गाणं, आणि मागे वैतागलेल्या मोटारींची माळ. कारखान्याचं धुराडं पेटल्यापासून ते विझेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, ही वाहतूक दिवस-रात्र थांबत नाही. मागून येणाऱ्याला ती अडचण वाटते. मला ती एका वेगळ्याच प्रश्नाचं अर्धं उत्तर वाटते. प्रश्न असा: ज्याच्या खिशात फारसे पैसे नाहीत अशा हौशी माणसाने एखादी जुनी, पडीक किमतीची मोटार दमाच्या शर्यतीसाठी कशी तयार करावी? दमाची शर्यत म्हणजे सगळ्यांत आधी पोचण्याची शर्यत नाही. चार तास, आठ तास, चोवीस तास गाडी फिरत राहते आणि ठरलेल्या वेळात जिचे फेरे जास्त ती जिंकते. फ्रान्समधल्या ल मां गावात १९२३ पासून चोवीस तासांची अशी शर्यत होते आणि तिथे कंपन्या अफाट पैसा ओततात. माझा विषय त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की या टोकाला गाडीची तयारी ही ब्रेकपासून सुरू व्हायला हवी, इंजिनपासून नाही. ऊसपट्ट्याला गाडी चालू ठेवण्याची विद्या पुरेपूर येते. गाडी थांबवण्याच्या विद्येत मात्र तो कच्चा आहे. कराडभोवतीच्या चार रस्त्यांवरून हिंडताना या दोन्ही गोष्टींचा पुरावा मिळत जातो.

स्वस्त गाड्यांच्या शर्यतीचा खेळ रुजला तो अमेरिकेत. २००६ साली कॅलिफोर्नियात ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ नावाची एक शर्यत झाली. ल मांच्या नावावरची ही कोटी. अमेरिकेत फसव्या, सतत बिघडणाऱ्या गाडीला ‘लेमन’ म्हणजे लिंबू म्हणतात. आपल्याकडे नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात; त्यांनी गाडीलाच लिंबू ठरवून टाकलं. नियम असा की गाडी आणि तिच्यावरचा खर्च मिळून ५०० डॉलरच्या आत बसला पाहिजे. त्याहून जास्त खर्च केलाय असं पंचांना वाटलं तर शर्यत सुरू होण्याआधीच तुमच्या नावावर उणे फेरे लागतात. सर्वांत मोठा मान पहिल्या येणाऱ्याला मिळत नाही. सगळ्यांत टाकाऊ गाडी घेऊन जो सगळ्यांत लांब टिकला त्याला तो मिळतो. हा सगळा थट्टेचा मामला वाटेल, वेशभूषा करून गाड्या पळवणारी माणसं तिथे असतातही. पण या नियमांत एक अपवाद आहे आणि सगळी अक्कल त्या अपवादात साठली आहे. ब्रेक, चाकं, टायर, चालकाची बैठक, पट्टे, लोखंडी पिंजरा, आग विझवण्याची साधनं यांचा खर्च ५०० डॉलरमध्ये धरला जात नाही. तिथे हवा तेवढा खर्च करा. म्हणजे ज्यांनी गाडीची किंमत मुद्दाम कवडीमोल ठेवली त्यांनीच थांबण्याची आणि वाचण्याची किंमत मोकळी सोडली. स्वस्त काय ठेवायचं आणि महाग काय घ्यायचं याची ही वाटणी मला कुठल्याही गॅरेजच्या भिंतीवर रंगवून ठेवावी इतकी मोलाची वाटते.

इंजिन आधी का नको, हे हिशेबानेच पाहू. समजा एक फेरा एका मिनिटाचा आहे आणि शर्यत चार तासांची. साधी गाडी न थांबता फिरली तर २४० फेरे करेल. आता एकाने इंजिनवर मेहनत घेतली, कार्बुरेटर बदलला, हेड घासून घेतलं, सायलेंसर काढून टाकला आणि दर फेऱ्याला तीन सेकंद कमावले. तीन सेकंद ही हौशी शर्यतीत फार मोठी कमाई आहे. चार तासांनी त्याचे साधारण २५२ फेरे होतील. म्हणजे एवढ्या खटाटोपानंतर त्याच्या गाठीला बारा फेरे जास्त, वेळेच्या भाषेत बारा मिनिटं. त्याच ताणाने हेडचं पॅकिंग गेलं तर बारा मिनिटांत ते बदलून होत नाही. चाकाचं बेअरिंग गेलं आणि सुटं बेअरिंग जवळ असलं तरी जॅक लावून, चाक उतरवून, हब उघडून पुन्हा बसवेपर्यंत हे बारा मिनिटांचं भांडवल संपलेलं असतं. वेगाने मिळवलेलं एका थांब्यात जातं. न थांबण्याने मिळवलेलं मात्र कुणी हिरावून घेऊ शकत नाही. दमाच्या शर्यतीत गाडीची ताकद वाढवणं म्हणजे कर्ज काढून लग्न करण्यासारखं आहे: वरात झोकात निघते, हप्ते नंतर भरावे लागतात.

गाडी कुठली घ्यावी यावर मी फार वेळ घालवणार नाही. जिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात ती. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० विकली गेली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं; मधल्या तीस वर्षांत देशात पंचवीस लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, सदतीसच्या आसपास अश्वशक्ती, वजन साडेसहाशे किलोच्या आगेमागे. हिच्या क्लचप्लेटपासून वायपरपर्यंत सगळं कराडच्या बाजारात उभ्या उभ्या मिळेल आणि तिचं इंजिन उघडलेला फिटर प्रत्येक नाक्यावर सापडेल. थोडे जास्त पैसे असतील तर १२९८ सीसीची एस्टीम. ती शर्यतींच्या मैदानांना आणि रॅलीवाल्यांना जुनी ओळखीची आहे. या दोघींखेरीज काही हवं असेल तर तो शौक झाला, त्याचं समर्थन ज्याचं त्याने करावं.

कराडच्या पूर्वेला रेल्वे स्टेशनकडे वळलं की ओगलेवाडी लागते. १९१६ साली इथे ओगले बंधूंचा काचेचा कारखाना उभा राहिला आणि ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. रेल्वेने आणखी दक्षिणेला गेलं की किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेली, लोखंडी नांगरांची आणि पुढे पंपांची वाडी. कोल्हापूरकडे गेलं तर शिवाजी उद्यमनगरात ओतीव कामाच्या भट्ट्या आणि लेथची रांग. म्हणजे लोखंडाला आकार देणारी माणसं या पट्ट्यात शंभर वर्षांपासून आहेत, ती कुणी बाहेरून आणलेली नाहीत. याच परंपरेचं अलीकडचं गाजलेलं उदाहरण कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याचं. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांमधून, सुमारे साठ हजार रुपयांत, मुलाच्या हौसेखातर एक छोटी जीप बनवली. तिला दुचाकीसारखी किक मारून चालू करावं लागे. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं, तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती दिलीही. बोलेरो देऊ करतानाच त्यांनी सांगितलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल. त्या सगळ्या प्रकरणात लोकांनी किकची मजा घेतली, पण मला दुसरंच वाक्य महत्त्वाचं वाटतं. लोहार यांनी ती शर्यतीसाठी बनवली नव्हती, तेव्हा तिला शर्यतीची फूटपट्टी लावणं अन्यायाचं होईल. तिच्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांना मात्र लावली पाहिजे. भंगारातून गाडी चालू झाली की आपल्याला ती तयार झाली असं वाटतं. चालू होणं ही तयारीची पहिली पायरी आहे, आणि जुगाडाची शेवटची.

आता पुन्हा उसाच्या ट्रॅक्टरकडे येऊ, कारण त्याच्यात या भागाचं बळ आणि दुबळेपण दोन्ही एका जागी पाहायला मिळतं. हंगामात ट्रॅक्टर बंद पडणं परवडत नाही. तोडणी झालेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटतं, उतारा घसरतो, मुकादम बोलतो, खेपा बुडतात. म्हणून ट्रॅक्टरचा मालक हंगामाआधी ऑइल बदलतो, फिल्टर बदलतो, रेडिएटर साफ करून घेतो, फॅनचा पट्टा ताणून पाहतो, आणि हत्यारांच्या पेटीत एक पट्टा, दोन होज पाइप, तार आणि पाने ठेवतो. रस्त्याकडेला रात्री दोन वाजता डिझेलमध्ये धरलेली हवा काढणारा चालक मी कुठल्याही शर्यतीच्या पिटमध्ये बिनदिक्कत उभा करीन. ही दमाच्या शर्यतीची विद्या आहे, नुसती नावाने वेगळी. पण त्याच ट्रॅक्टरच्या मागे जा. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने झाकलेला असतो. दोन ट्रॉल्यांतला सगळा ऊस थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतं. दरवर्षी हंगाम सुरू झाला की प्रशासन रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम काढतं आणि दरवर्षी ती काढावी लागते, यातच सगळं आलं. ज्या दुरुस्तीने खेप वाचते ती दुरुस्ती वेळच्या वेळी होते. ज्या दुरुस्तीने कुणाचा तरी जीव वाचतो ती पुढच्या हंगामावर जाते. यात कुणा एकाचा दुष्टपणा नाही; पैसा खेपेला मिळतो, थांबण्याला मिळत नाही, एवढंच त्याचं कारण आहे. म्हणून तर मला लिंबू-शर्यतीचा तो अपवाद इथे फार हवासा वाटतो. तो हिशेबाची वही उलटी करतो.

ब्रेकचं नेमकं काय होतं हे समजून घ्यायला कराडहून पश्चिमेला, पाटणमार्गे चिपळूणचा रस्ता धरावा. कोयनेच्या काठाकाठाने रस्ता वर चढत कोयनानगरला येतो आणि घाटमाथा ओलांडला की कुंभार्ली घाटातून खाली पोफळीला उतरतो. याच डोंगराच्या पोटातून कोयनेचं पाणी साडेचारशे मीटरहून जास्त खाली पडतं आणि पोफळीच्या भूमिगत वीजघरात त्याची वीज होते. घाट उतरणारी मोटारही जवळपास तेवढीच उंची उतरते. तिच्या पडण्याची मात्र वीज होत नाही. सगळी उष्णता होते. पिंजरा आणि चालक धरून मारुतीचं वजन आठशे किलो मानलं आणि साडेचारशे मीटर उतार नुसत्या ब्रेकवर उतरला, तर ब्रेकना जी उष्णता पचवावी लागेल तिच्यात दहा लिटर गार पाणी उकळेल. शर्यतीत डोंगर नसतो, पण वळणं असतात. तीच गाडी ताशी १०० किलोमीटरवरून ५० वर आणली की प्रत्येक वेळी साधारण एक लिटर पाणी २५ अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापेल एवढी उष्णता निघते. एका फेऱ्यात अशी तीन वळणं आली आणि चार तासांत २४० फेरे झाले तर सातशेवीस वेळा. घाटात एसटीचा चालक खालच्या गिअरमध्ये गाडी धरून उतरतो, कारण त्याला लायनर जळल्याचा वास माहीत असतो. शर्यतीतला हौशी चालक तो वास पहिल्यांदा घेतो तेव्हा पायाखालचं पेडल मऊ झालेलं असतं. पेडल मऊ होतं ते ब्रेक ऑइलमुळे. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ प्रतीचं ताजं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय फळीला टेकतो. पाटणच्या पश्चिमेला वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथे चार पावसाळे काढलेल्या गाडीच्या बाटलीत काय मुरलं असेल याचा विचार करा. आपल्या गॅरेजात ब्रेक ऑइल कमी झालं तर वर ओततात. पूर्ण काढून नवीन भरा असं गिऱ्हाईकही सांगत नाही, कारण जुन्यानेही गाडी चालतेच. चालते, थांबत नाही.

तेव्हा तयारीचा क्रम माझ्या मते असा. गाडी घरी आल्यावर बॉनेट उघडायचं नाही, चारही चाकं उतरवायची. पुढच्या डिस्क मापात आहेत का, कॅलिपरचे पिस्टन अडकत तर नाहीत, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर गळतात का, रबरी नळ्या फुगतात का, हे पाहून जे शंकास्पद ते सरळ बदलायचं आणि नवं डॉट-४ तेल भरायचं. चारही बेअरिंगं नवी, जुनी चांगली असली तरी. ती जुनी चांगली बेअरिंगं फेकायची नाहीत, शर्यतीच्या दिवशी तीच सुटी म्हणून कामाला येतात. मग गारवा: रेडिएटर उघडून धुऊन घ्यायचा, सगळे होज पाइप आणि क्लिपा नव्या, थर्मोस्टॅट नवा, पंखा थेट बटणावर, आणि तापमानाचा खरा अंक दाखवणारं मीटर. कंपनीचा काटा एवढंच सांगतो की आता उशीर झाला. त्यानंतर इंजिन, आणि त्यातही ताकदीचं काही नाही: टायमिंग बेल्ट बदलायचा, आणि ऑइल चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्यायच्या. कारण लांब वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि क्रँकची बेअरिंगं सेकंदांत कोरडी पडतात. हे काम उद्यमनगरातला कुठलाही वेल्डर जेवणाच्या सुट्टीआधी करून देईल. पिंजऱ्याचं तसं नाही. तिथे स्वतःचं डोकं चालवायचं नाही आणि गेटसाठी आणलेला पाइप वापरायचा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य कमानीसाठी गार ओढलेला, बिनजोडाचा पोलादी पाइप सांगितला आहे, ४५ मिलिमीटर व्यासाचा अडीच मिलिमीटर जाडीचा किंवा ५० चा दोन मिलिमीटर जाडीचा. साध्या पाइपाला बाजूने शिवण असते आणि गाडी उलटली की तो शिवणीवर उसवू शकतो. पैसे संपले तर रंगकाम सोडा, टायर साधे घ्या, शर्यत वर्षभर पुढे ढकला. पाइप बदलू नका. सगळ्यात शेवटी एक शंभर पानी वही. कुठला भाग कधी बसवला, किती तास चालला, कुठला बोल्ट कोणी आवळला, हे तिच्यात लिहायचं. या भागातल्या फिटरचे हात मला मान्य आहेत, पण सगळं त्याच्या डोक्यात असतं आणि तो जेवायला गेला की ते ज्ञानही जेवायला जातं.

हा क्रम उगाच माझा हट्ट नाही. कराडच्या विद्यानगरात १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सांगलीला वालचंद आहे, इस्लामपूरजवळ राजारामबापूंच्या नावाचं आहे. अशा महाविद्यालयांतल्या मुलांना ‘बाहा’ नावाची स्पर्धा नवी नाही. नाव स्पॅनिश असल्यामुळे उच्चार बाहा, पण आपल्याकडे तिचा सर्रास बाजा होतो आणि गाड्यांचे आवाज ऐकता ते चुकीचंही वाटत नाही. २००७ पासून भारतात होणाऱ्या या स्पर्धेत मुलं स्वतः बनवलेली एकट्या चालकाची गाडी घेऊन उतरतात आणि शेवटी चार तासांची दमाची शर्यत असते. इंजिन सगळ्यांना एकाच प्रकारचं वापरावं लागतं, म्हणजे ताकदीचा वाद मुळातच मिटवलेला. आणि मैदानात उतरण्याआधी ब्रेकची परीक्षा असते: गाडी वेगात आणून ब्रेक दाबला की चारही चाकं जागच्या जागी जाम झाली पाहिजेत. एक जरी चाक फिरत राहिलं तरी गाडी परत तंबूत. वर्षभर राबलेली मुलं तिथे अडतात आणि रडकुंडीला येतात, पण नियम हलत नाही. आधी ब्रेक, मग इंजिन, हे तिथे परीक्षेच्या वेळापत्रकातच लिहिलेलं आहे.

यावर आक्षेप येणारच आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की महामार्गावर आधीच पोरं मोटारी उडवतात, त्यात शर्यतीचं खूळ कशाला घालता? मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय शर्यत लावणाऱ्याला शिक्षा सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीने ती पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अशी वाढली. मी त्या कलमाच्या बाजूचा आहे. पण बंदीने वेड जात नाही, जागा बदलतं, हे या जिल्ह्यांना बैलगाडी शर्यतींनी शिकवलं आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या, तरी आडरानात त्या चोरून होत राहिल्याच. २०२१ च्या डिसेंबरात नियमांच्या चौकटीत परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. तेव्हापासून परवानगी, पशुवैद्यक, धावपट्टीची लांबी या गोष्टींची निदान विचारणा तरी होते. गंमत अशी की त्या मैदानांत आता बक्षीस म्हणून चारचाकी लावतात. बैल पळतात मोटारीसाठी. मोटारींनाच पळायला बंद आवार दिलं तर रस्त्यावरची सगळी पोरं तिकडे जातील असं मी म्हणत नाही. पण ज्याने सातशे वेळा ब्रेक मारून पेडल मऊ होताना अनुभवलं, तो महामार्गावर ट्रॉलीच्या मागे शंभरच्या वेगाने चिकटणार नाही, एवढी आशा मला वाजवी वाटते.

दुसरा आक्षेप धुराचा. जुन्या गाड्या भंगारात काढायचं सरकारचं धोरण २०२१ पासून आहे, पंधरा वर्षांपुढच्या खाजगी मोटारीची नोंदणी पुन्हा करायचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये पाच हजार रुपयांवर नेलं, आणि तुम्ही त्याच गाड्यांना शर्यतीत घालता? उत्तर साधं आहे. शर्यतीची गाडी रस्त्यावर राहतच नाही. पिंजरा घातलेली, आतली गादी काढलेली गाडी कलम ५२ प्रमाणे रस्त्यावर चालवताही येत नाही. ती ट्रॉलीवर चढवून न्यायची आणि तशीच आणायची. वर्षात चार तास धूर काढणारी गाडी आणि रोज शाळेच्या वाटेवर काढणारी गाडी यांत पहिलीबद्दल ओरड करणं म्हणजे पाटाच्या पाण्याची चोरी सोडून तांब्या मोजणं. तिसरा आक्षेप मला जास्त बोचतो: ब्रेक, पट्टे, पाइप, हेल्मेट यांचा खर्च धरला तर स्वस्त गाडी स्वस्त राहते कुठे? नाही राहत. हे कबूल केलं पाहिजे. चांगल्या प्रतीचं हेल्मेट आणि सहा टोकांचे पट्टे यांची किंमत मिळून गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू शकते. पण हेल्मेट, पट्टे, बैठक ही गाडी मेली तरी पुढच्या गाडीत जातात आणि चार-पाच जणांच्या संघात वाटली जातात. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांनी शर्यत लावू नये. हे कठोर वाटेल, पण पिंजऱ्यावर सूट मागणाऱ्या गरिबीला माझी सहानुभूती आहे, संमती नाही.

राहिला प्रश्न जागेचा. कोल्हापूरजवळ मोहित्यांचा रेसिंग ट्रॅक आहे, तिथे गो-कार्टच्या राष्ट्रीय स्पर्धाही झाल्या आहेत. छोट्या गाडीच्या सरावाला तो ठीक, पण दहा-पंधरा मोटारी एकदम सोडायला अरुंद. कराडचीच जागा म्हणाल तर वारुंजीला विमानाची धावपट्टी आहे, कोयना प्रकल्पाच्या काळात, १९५० च्या दशकात बांधलेली. विमानतळांवरून शर्यतींचा जन्म होणं नवं नाही. इंग्लंडचं सिल्व्हरस्टोन हे दुसऱ्या महायुद्धातलं विमानतळच होतं, मद्रासजवळचं शोलावरमही तसंच, आणि मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही एके काळी मोटारी पळाल्या. तरीही वारुंजीबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. ती चालू धावपट्टी आहे, तिच्या विस्ताराला आसपासच्या शेतकऱ्यांचा आधीच विरोध आहे, आणि सरळ धावपट्टीमुळे पुन्हा इंजिनचीच चढाओढ सुरू होईल. माझी नजर दुसरीकडे जाते. कराडभोवती सहकारी साखर कारखाने आहेत: यशवंतनगरचा सह्याद्री, रेठऱ्याचा कृष्णा, आणखी थोडं पुढे गेलं की साखराळ्याचा राजारामबापू. हंगामात शेकडो ट्रॅक्टर उभे राहतील एवढं आवार, भोवती कुंपण, रात्रीचे दिवे, लेथ असलेलं वर्कशॉप, आगीसाठी पाण्याची सोय, आणि ‘भार’ व ‘रिकामा’ दोन्ही मोजणारा वजनकाटा. हौशी शर्यतीच्या आयोजकाला जे जे लागतं ते सगळं तिथे उभं आहे. जमीन खडबडीत आहे, म्हणून वेग साठाच्या वर जाणार नाही. मला ते उलट बरंच वाटतं. कारखान्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे: मोटारक्रीडेच्या राष्ट्रीय महासंघाच्या परवान्याने, रुग्णवाहिका दारात उभी करून, वर्षातला एक दिवस हे आवार द्या. प्रवेशाची अट एकच ठेवा: ज्याला गाडी उतरवायची आहे त्याने आपल्या गावातल्या दोन ट्रॉल्यांना ब्रेक आणि मागचे दिवे बसवून आणावेत. मे महिन्यात गळीत संपलेलं असतं, पाऊस अजून आलेला नसतो, आणि वजनकाटा रिकामाच असतो.